रुमालाखालची वर्षं

"शून्य ते शंभर यांत आज तुमची तब्येत किती?"

हा प्रश्न ज्या महाभागानं तयार केला, त्याला एकदा ईट गावच्या पारावर आणून बसवायची माझी फार इच्छा होती. ती काही पूर्ण झाली नाही. त्याच्याऐवजी मीच बसले, आणि त्याच्या वाटणीच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

मी मूळची सरकारी दवाखान्यातली नर्स, पुढे पर्यवेक्षिका. निवृत्ती जवळ आली तेव्हा वरच्या कुणाला तरी वाटलं, या बाईला गावातल्या लोकांशी बोलता येतं, तर हिला 'आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकना'च्या अभ्यासाला जोडून टाकावं. हे लांबलचक नाव ऐकून ढोकीतल्या माझ्या शेजारणीनं विचारलं, "म्हंजी नक्की काय करायलाव तुमी?" मी म्हटलं, "सरकारनं कुठलं मशीन घ्यावं आणि कुठलं घेऊ नये, ते बघते." ती म्हणाली, "मग तुमच्या घरी लई पेढे येत असतील." पेढे कधी आले नाहीत. एकदा एका कंपनीची डायरी आली, तीही मागच्या वर्षाची.

काम तसं सांगायला सोपं आहे. सरकारची पिशवी एक आणि तिच्यात हात घालायला आतुर झालेले पुष्कळ. प्रत्येक कंपनीचं मशीन जीव वाचवतं. त्यांच्या गुळगुळीत कागदावर एक हसरा रुग्ण असतो. एवढी वर्षं वॉर्डात काढली, पण इतका प्रसन्न रुग्ण मला कधी भेटला नाही. म्हणून एखादा उपचार सरकारी योजनेत घेण्याआधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं, की हे आमच्या माणसांवर, आमच्या उन्हात, आमच्या वीज जाण्या-येण्यात चालतं का. आणि चाललं, तर जुन्या उपचारापेक्षा किती जास्त भलं करतं.

आता भलं मोजायचं कसं? तज्ज्ञ म्हणतात, दोन गोष्टी बघा. आयुष्यात वर्षं किती वाढली आणि ती वर्षं कशी गेली. बाजेवर पडून काढलेलं वर्ष आणि हिंडून-फिरून काढलेलं वर्ष सारखं धरत नाहीत. पडून काढलेलं वर्ष कुणी अर्धं धरतं, कुणी पाऊण. ते अर्धं की पाऊण, हे ज्याचं आयुष्य त्यालाच विचारायचं. विचारायला मी.

सुरुवातीला कामं बरी होती. बोटावर उजेड टाकून रक्त किती आहे ते सांगणारं एक यंत्र आलं. सुई नाही, रक्त नाही, फक्त उजेड. कंपनीचा माणूस टाय लावून ढोकीच्या आरोग्य केंद्रात हजर झाला. नेमकी पंचमी होऊन गेली होती आणि बायकांच्या हातांवर, बोटांवर, नखांवर मेंदी. यंत्रानं काय आकडे दाखवले विचारू नका. धडधाकट बायका मरणपंथाला लागल्या आणि चक्कर येऊन पडलेली एक पोर अगदी सुदृढ निघाली. टायवाले म्हणाले, "मॅडम, बायकांना मेंदी लावू नका म्हणून सांगता येईल का?" मी म्हटलं, "साहेब, तुमचं यंत्र परत न्यायला सोपं पडेल." ते यंत्र योजनेत गेलं नाही. देशाच्या आरोग्य धोरणातला माझा पहिला वाटा तो.

मग आलं डायलिसिसचं काम, आणि माझी थट्टेखोरी जराशी कमी झाली.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त मशीनवर धुवावं लागतं. ते योजनेत आधीपासून होतं, म्हणजे उपचार फुकट. फक्त मशीनपर्यंत पोचायचं आपलं आपण. दुसरा एक प्रकार असतो. पोटात बारीक नळी बसवतात, पिशवीतलं औषधी पाणी कोमट करून पोटात सोडतात, काही तासांनी काढून टाकतात. दिवसातून तीन-चार वेळा. हे घरच्या घरी करता येतं, पण हात धुण्यापासून खोलीपर्यंत सगळं लख्ख लागतं, नाहीतर पोटात जंतू जातात. प्रश्न असा होता की या घरच्या डायलिसिसचा खर्च सरकारनं योजनेतून करावा का. त्यासाठी मशीनवर जाणाऱ्या लोकांना विचारायचं होतं, तुमचं आत्ताचं आयुष्य कसं आहे.

शेवंताबाई मला तेव्हा भेटली. ईटजवळच्या एका वस्तीवर ती आणि तिचा नवरा हरिभाऊ राहायचे. शेरडं राखायची आणि आठवडी बाजारांत विकायची, हा दोघांचा धंदा. शेवंताबाईची मूत्रपिंडं गेली आणि तिचा आठवडाच बदलला. जवळच्या केंद्रात जागा नव्हती, म्हणून अंधार असताना निघायचं, येरमाळ्याला गाडी बदलायची, धाराशिवला चार तास मशीनवर पडायचं आणि गळून गेलेलं शरीर परत त्याच गाड्यांत घालायचं. एक दिवस जाण्यात, दुसरा अंगातली कणकण जाण्यात. तिसऱ्या दिवशी परत तयारी.

मी गेले त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. मला बघून उठली. उठू नका म्हटलं तरी उठली, चहा ठेवला.

"शेवंताबाई, शून्य म्हणजे एकदम वाईट, शंभर म्हणजे एकदम छान. आज तुमची तब्येत किती?"

"बरंय की."

"हो, पण आकडा?"

"लिवा की शंभर. तुमी एवढ्या लांबून आलाव."

पुढे पाच प्रश्न होते. चालताना त्रास? न्हाय. आंघोळ-कपडे? व्हतंय की. दुखतंखुपतं? उगी जरा. चिंता? "चिंता कसली ताई, देव हाय." हे सगळं ती चुलीशी धाप टाकत सांगत होती. मी डोळ्यांनी बघत होते ते वेगळं आणि कागदावर लिहीत होते ते वेगळं. पण नियम असा की रुग्ण सांगेल तेच लिहायचं.

आमच्याकडं दारात आलेल्या माणसापुढं रडगाणं गात नाहीत. त्यातून तब्येतीचं वाईट तोंडानं बोलावं तर ते जास्त होतं, असंही लोक मानतात. त्यामुळं जिल्हाभर सगळे शंभर. ढोकीच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तर शंभरच्या वर जाता येतं का असं विचारलं. आकडे मुंबईला पोचले आणि तिकडून फोन आला. फोनवर अनिरुद्ध सर. हे आमच्या अभ्यासाचे प्रमुख. डॉक्टर, पण औषधाचे नव्हेत, अर्थशास्त्राचे.

"मॅडम, अभिनंदन. तुमच्या जिल्ह्यातले डायलिसिसचे रुग्ण माझ्यापेक्षा सुखी आहेत."

"असतील सर. तुम्हाला मुंबईत राहावं लागतं."

"पण मग प्रश्न मिटला. आत्ताच इतकं छान आहे, तर नव्या उपचारानं सुधारायचं काय? योजनेत घ्यायची गरजच नाही."

मी म्हटलं, सर, परत विचारू द्या. परत गेले. तोवर धाराशिवच्या वॉर्डात कुणीतरी बातमी उठवली होती, की जो जितका वाईट आकडा सांगेल, त्याला तितक्या लवकर घरी पिशव्या मिळणार. मग काय, सगळे शून्यावर. शंभराच्या वर जाऊ पाहणारा ट्रॅक्टरवाला आता शून्याच्या खाली काही आहे का विचारू लागला, आणि हे तो ट्रॅक्टरवरून उतरून विचारत होता. शेवंताबाईनं मात्र परत शंभरच सांगितलं. खोटं बोलायचं तर ते पाहुण्याच्या सुखासाठी, स्वतःच्या फायद्यासाठी नव्हे, असा तिचा हिशेब असावा.

मुंबईत कुणीतरी दोन्ही वेळचे आकडे एकत्र करून सरासरी काढली. ती आली पन्नासच्या आसपास. असा आकडा राष्ट्रीय धोरणाला फार सोयीचा असतो, कारण त्याचा अर्थ काहीही लावता येतो. अनिरुद्ध सरांना मात्र तो पटला नाही, आणि एवढ्याबद्दल मी त्यांना मानते. ते स्वतः आले. पांढरे बूट घालून आले, ही गोष्ट वेगळी.

सरांचं म्हणणं, आता दुसरा प्रश्न विचारू. तो असा: समजा, तुम्ही आत्ताच्या अवस्थेत अजून दहा वर्षं जगणार आहात. त्याऐवजी कुणी म्हणालं, घरी राहून ठणठणीत जगाल, पण वर्षं कमी मिळतील, तर दहातली किती वर्षं सोडाल? जास्त सोडायची तयारी, म्हणजे आत्ताचे हाल जास्त. कागदावर सुंदर प्रश्न आहे. आम्ही तो शेवंताबाईच्या अंगणात विचारला.

हरिभाऊ ताडकन उठला. "सायेब, दवाखान्याचं काय ती विचारा. मरणाचं कशाला काढायलाव?"

"ही फक्त कल्पना आहे हो," सर म्हणाले.

"मग तुमची कल्पना तुमच्या घरी करा की. हितं बाईमाणूस बसलंय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं. त्यांच्यावर एका करडानं आपलं मत आधीच नोंदवलं होतं. आता उठावं असं मी ठरवलं, तेवढ्यात शेवंताबाई बोलली.

"ताई, हिकडं या जरा. जवळ."

मी सरकले. तिनं हरिभाऊच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि माझ्या उजव्या हातावर टाकलं.

"तोंडानं न्हाय सांगायची म्या. बाजारात सांगत्यात तशी सांगते."

जनावरांच्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं दाबली तितका भाव. समोरच्यानं तितकीच दाबली की सौदा पक्का. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही आणि त्यानं विचारायचंही नसतं. शेवंताबाईनं अशी किती शेरडं विकली असतील.

उपरण्याखाली तिचा हात आला. गार आणि कोरडा. आधी तिनं माझी दोन बोटं धरली. थांबली. हरिभाऊ दावणीकडं तोंड करून उभा होता. मग तिनं तिसरं धरलं, चौथं धरलं, आणि अंगठ्यासकट सगळा पंजा मुठीत घेऊन घट्ट दाबला. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. बाजारात बसलेल्या बाईचे डोळे होते ते, नेमकं ठरवून आलेल्या. मी हळूच विचारलं, "सोडायची?"

"व्हय. सोडायची."

मी तिचा पंजा दाबला. तिनं परत दाबला. मग उपरणं उचलून नवऱ्याच्या खांद्यावर नीट टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली.

हरिभाऊ आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत दोन-तीनदा त्यानं तोंड उघडलं. बाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस, रुमालाखालचं विचारायचं नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शेवटी म्हणाला, "औंदा शेरडांना पाला कमी हाय, ताई." मी म्हटलं, हो, कमी आहे. मला रडू येत होतं आणि पाल्याचा विषय पुरेना.

गाडीत सरांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्यांनी टाइप केलं आणि लॅपटॉप बंद केला.

मग सगळ्या रुग्णांना असंच विचारायचं ठरलं. मुंबईहून एकसारखे पांढरे नॅपकिन आले. ते इतके लहान की बोटं बाहेर दिसायची, त्यामुळं कुणी हात घालेना. शेवटी माझ्या घरातला जुना पंचा कामाला आला. लोक तोंडानं 'बरंय' म्हणायचे आणि पंच्याखाली वर्षंच्या वर्षं सोडून द्यायचे. ट्रॅक्टरवालासुद्धा पंच्याखाली खरं बोलला. अहवालात या प्रकाराला 'स्थानिक परंपरेवर आधारित गोपनीय प्रतिसाद पद्धती' असं भारदस्त नाव मिळालं. सर तो पंचा दाखवायला परदेशातल्या परिषदेला घेऊन गेले. पंच्याचा विमानप्रवास झाला. माझा अजून व्हायचा आहे.

त्यानंतर फाइल निघाली. फाइल कशी जाते हे आपल्याला माहीत आहे. समिती बसली, समितीनं उपसमिती बसवली, उपसमितीनं शब्दरचनेत दुरुस्त्या सुचवल्या. पाण्याच्या पिशव्या ईटपर्यंत पोचतील का, यावर मुंबईत बरीच चर्चा झाली म्हणे. ज्यांना शेवंताबाई आठवड्यातून कितीदा धाराशिवपर्यंत पोचते याची काळजी नव्हती, त्यांना पिशवीच्या प्रवासाची फार काळजी होती.

मधे एक दिवस हरिभाऊचा फोन आला. "ताई, ती गाडीत बसायची न्हाय म्हणायलीय. बास झालं म्हणती. तुमी या."

मी गेले. शेवंताबाई ओट्यावर करडू मांडीवर घेऊन बसली होती. मशीन चुकवलं होतं, पाय सुजले होते. अजून चुकवलं असतं तर काय होतं हे मला नर्स म्हणून माहीत होतं आणि तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मला तिची भीती वाटली. मला माझ्या खात्याचा रागही आला, पण तो काही नवा नव्हता.

"शेवंताबाई, कागद वर गेलाय. निर्णय होईल."

"कवा?"

"ते मलाही कुणी सांगितलेलं नाही," मी म्हटलं. खोटं सांगण्याचा मला धीर झाला नाही.

"ताई, म्या रुमालाखाली सांगितलं ती उगी न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "तुमचा कागद येईस्तवर जाते. न्हाय आला, तर मला बोलवायला यायचं न्हाय कुणी."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. तेव्हापासून रोज मी ऑफिसात फोन करून विचारायचे. तिथला कारकून माझा आवाज ऐकताच "न्हाय अजून" म्हणून फोन ठेवायचा.

कागद आला. उन्हाळा सरता सरता. 'निवडक जिल्ह्यांत, प्रायोगिक तत्त्वावर, पुढील मूल्यांकनाच्या अधीन राहून.' आमचा जिल्हा मागास, म्हणून कुठलाही प्रयोग आधी आमच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा या मागासपणाचा मला आनंद झाला.

शेवंताबाईच्या पोटात नळी बसली. घरातला एक कोपरा चुना देऊन लख्ख केला, शेरडांना तिथं बंदी झाली. हात कसे धुवायचे, पिशवी कशी जोडायची हे ती दवाखान्यात शिकून आली. पुढच्या काही महिन्यांत मला तिकडं जाता आलं नाही. मग 'पुढील मूल्यांकना'ची वेळ आली. या आकड्यांवर ठरणार होतं की ही सोय बाकीच्या जिल्ह्यांना द्यायची, की आमच्याकडचीही काढून घ्यायची. नोकरीतलं माझं ते शेवटचं काम.

मी वस्तीवर पोचले तर शेवंताबाई घरात नव्हती. बांधावर होती. शेरडांमागं. मला बघून लांबूनच ओरडली, "आता आलाव व्हय!"

आणि अंगणाकडं येता येता जी सुरू झाली. खोकी ठेवायला जागा न्हाय, निम्मं घर खोक्यांनी भरलंय. पिशव्या आणणारा ड्रायव्हर रस्त्यावरच टाकून जातोय, तुमी त्याला काय बोलत न्हाय. रिकाम्या खोक्यात कोंबड्या बसायल्यात. हात धुवून धुवून कातडं निघालंय. हरिभाऊ पिशवी तापवत नीट न्हाय, गडी कशाला तरी कामाचा हाय का. करडांना घरात घेता येत न्हाय, तर थंडीत ती काय करतील, ह्याचा तुमच्या मुंबईवाल्यानं इचार केलाय का? चहा मात्र तिनं केला नाही. कामं होती तिला.

"शेवंताबाई," मी मधेच कसाबसा प्रश्न घुसवला, "शून्य ते शंभर..."

"चाळीस लिवा. त्येच्या वर एक न्हाय."

मरायला टेकली होती तेव्हा शंभर आणि आता चाळीस. म्हणजे अधिकृतरीत्या सरकारनं या बाईची तब्येत पार बिघडवली होती. मी निमूटपणे चाळीस लिहिले. मुंबईतल्या उपसमितीला यावर निदान दोन बैठका पुरतील असा माझा अंदाज होता.

दुसरा प्रश्न राहिला होता. हरिभाऊ खोकी उचलता उचलता थांबला. मी माझ्या पिशवीतून पंचा काढला. परदेश बघून आलेला तोच पंचा, धुऊन ठेवला होता.

"आता आत्ताच्यासारखी दहा वर्षं आहेत असं धरा," मी म्हटलं. "एकदम ठणठणीत व्हायचं असेल, तर त्यातली किती सोडाल?" आणि हातावर पंचा टाकला.

शेवंताबाईनं पंच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"रुमाल कशाला त्याला?" ती मोठ्यानं म्हणाली. पलीकडच्या शेतात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "एकबी देत न्हाय. धाच्या धा माझी हायत."

मी शून्य लिहिलं. सरांचा नंतर फोन आलाच, की मॅडम, चाळीस आणि शून्य जुळत नाहीत, यातलं एक चुकलेलं दिसतं. मी म्हटलं, सर, दोन्ही तसेच जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं.

पण त्या दिवशी अंगणात हरिभाऊ हातातलं खोकं खाली ठेवून उभा होता. बाजारातला माणूस, आकडा कानावर पडला की मागचा भाव आठवतोच.

"मग मागल्या बारीला," तो हळू आवाजात म्हणाला, "किती देऊन बसली हुतीस गं?"

शेवंताबाईनं काठी उचलली. एक शेरडू बांधापलीकडं चाललं होतं.

"झाला ती सौदा झाला," ती म्हणाली. "पिशवी उन्हात पडलीय, ती आत घ्या आधी."

त्यानं पिशवी उचलली, पोटाशी धरली आणि आत नेली.